बारा ड्रायव्हर आणि एक उंट

ईसीजीवाल्या ताईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, छात्या राहत. रस्त्यात कोणी हसून "ओळखलंत का ताई?" असं विचारलं की त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणत, "शर्ट काढा, मग सांगते." यामुळे त्यांच्या नवऱ्याने त्यांच्याबरोबर बाजारात जाणं कधीच सोडून दिलं होतं.

ड्रायव्हर लोकांच्या आरोग्य तपासणीचं सरकारी ऑफिस होतं आणि त्यातल्या शेवटच्या खोलीत ताई बावीस वर्षं होत्या. एक पलंग, एक पडदा, कधीच न उघडणारी एक खिडकी आणि मशीन. मशीन इतकं जुनं की ते नुसती रेघ मारायचं. नवी मशीन म्हणे वरच्या कोपऱ्यात स्वतःच निदान छापून देतात. हे तसला आगाऊपणा करत नसे. रेघ मारली की गप्प. तिचा अर्थ माणसाने लावायचा, आणि तो माणूस म्हणजे नियमाप्रमाणे डॉक्टर, प्रत्यक्षात ताई.

आजवर सात डॉक्टर येऊन गेले होते. सातही जण त्या रेघेची कागदी पट्टी हातात धरून गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणायचे आणि ताईंच्या तोंडाकडे बघून सही करायचे. आठवे आले ते त्वचेचे. बदलीच्या कोणत्या तरी घोळात इथे येऊन पडलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी उलटी धरली, दोन मिनिटं बघितली आणि खाली ठेवून सांगून टाकलं, "ताई, मला खाज कळते. हे कळत नाही."

बावीस वर्षांत डॉक्टराच्या तोंडून "कळत नाही" हे शब्द ताई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना माणूस एकदम आवडून गेला. तेव्हापासून रोज सकाळच्या चहाला एक धडा सुरू झाला.

"हा कागद चौकटीचा. छोटा चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पाच छोट्यांचा एक मोठा, पाच मोठ्यांचा एक सेकंद. एवढं आलं की अर्धं आलं."

"आणि ठोके?"

"दोन उंच टोकांच्या मधले मोठे चौकोन मोजा आणि त्यांनी तीनशेला भागा. पाच आले तर?"

"साठ."

"चार?"

"पंचाहत्तर."

"दोन?"

"दीडशे."

"दीडशे आले तर भागाकार सोडा आणि आधी पेशंट बघा."

डॉक्टर वहीत लिहून घेत. ताई पुढे सरकत. पहिला बारका उंचवटा तो पी, हृदयाच्या वरच्या दोन खोल्या आवळल्याची खूण. मग जराशी सपाट रेघ. मग उंच सुळका, क्यूआरएस, खालच्या दोन मोठ्या खोल्यांचा; तो तीन छोट्या चौकोनांपेक्षा रुंद असता कामा नये. शेवटी पसरट टेकडी, टी. "टी चालू असते तेव्हा हृदय आवराआवर करतं, डॉक्टर. पसारा उचलायचा, पुढच्या ठोक्याला तयार व्हायचं. बायका करतात तेच, फक्त मिनिटाला सत्तर वेळा."

नमुना म्हणून ताईंच्या ड्रॉवरमध्ये एक खास पट्टी होती. छातीला लावलेल्या पहिल्या तारेच्या रेघेत सुळक्याला दोन टोकं, सशाच्या कानांसारखी. "आमच्या ह्यांची, गेल्या वर्षीची," ताई अभिमानाने म्हणाल्या. "उजव्या बाजूची वायर जरा मंद आहे. कित्येकांची असते. पुढची तपासणी करून घेतली, बाकी सगळं चोख. त्या कानांनी काहीही होत नाही."

"हे त्यांना माहीत आहे?"

"कान आहेत एवढं सांगितलंय. काही होत नाही, हे सांगायचं राहिलं."

"वर्षभर?"

"सिगारेट सुटली ना! म्हटलं, छातीत ससे आहेत, धूर गेला तर बिथरतील. दुसऱ्या दिवशी पाकीट कचऱ्यात." ताईंनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

शुक्रवारी शेवटचा धडा झाला. दोन सुळक्यांच्या मधलं अंतर घ्यायचं, त्याचं निम्मं करायचं, आणि टीची टेकडी त्या निम्म्याच्या आत उतरली पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं, नाही उतरली तर? "तर आवराआवर चालू असतानाच पुढचा पाहुणा दारात," ताई म्हणाल्या. "मग घरात जो गोंधळ होतो तो हृदयात झाला, तर माणूस उभ्या जागी कोसळतो. कधी उठतो, कधी उठत नाही."

"तुम्ही पाहिलाय असा पेशंट?"

"एकही नाही. पण नियम आहे, तर मोजायचं."

खरं म्हणजे ताईंनी स्वतः मोजपट्टी लावून मोजणं दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. त्यांच्या मते त्यांचा डोळाच मोजपट्टी होता.

सोमवारी सकाळी बस डेपोचं पाकीट आलं. ह्या वर्षी डेपोला स्वतःचं मशीन मिळालं होतं. ड्रायव्हर मंडळींचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून डेपोचा कंपाउंडरच पन्नाशी ओलांडलेल्यांचे ईसीजी काढणार, वर नावं लिहून पाठवणार आणि इथे फक्त सही होणार, अशी नवी पद्धत. पाकिटात बारा पट्ट्या होत्या. सातवीवर ताईंच्या नवऱ्याचं नाव होतं. तो त्याच डेपोत ड्रायव्हर होता. अर्धा कप चहा होईपर्यंत त्यांनी बाराही पट्ट्यांवरून नजर फिरवली. पी आहे, सुळका आहे, लय सरळ. सगळं छान. "घ्या," त्यांनी गठ्ठा डॉक्टरांकडे सरकवला. "सही करायच्या आधी मोजा. तेवढाच हात बसेल."

डॉक्टरांनी कंपासपेटी काढली. हो, कंपासपेटी. तिच्यातली स्टीलची पट्टी आणि कर्कटक घेऊन ते शाळेतल्या पोरासारखे कागदावर वाकले. वीस मिनिटांनी त्यांनी डोकं वर काढलं.

"ताई, नापास."

"कोण?"

"सगळे."

ताई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या डोळे तपासणीच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर थाप मारली. ताईंचा आवाज हे ऑफिसातलं एक प्रस्थच होतं. "अहो, टी कुठे संपते तेच तुम्हाला दिसलं नसेल. आणा इकडे."

त्यांनी चष्मा लावला. दोन सुळक्यांच्या मध्ये पंचवीस छोटे चौकोन. निम्मे साडेबारा. टीची टेकडी त्यांनी सुळक्याच्या पायथ्यापासून मोजत नेली: दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. पुन्हा मोजली. चौदा. आणि टेकडी नुसती लांब नव्हती. तिला मध्ये एक खळगा होता. एक वशिंड, खळगा, दुसरं वशिंड. टेकडी कसली, उंट होता उंट.

दुसऱ्या पट्टीत उंट. तिसरीत उंट. ताईंनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि बाराही पट्ट्या पेशंटच्या पलंगावर ओळीने मांडल्या. बारा पट्ट्यांवर बारा नावं, एकाच पेनाने लिहिलेली, आणि प्रत्येकीवर तोच उंट. पहिल्या पट्टीत ठोके साठ. पाचवीत अठ्ठावन्न. नवव्या पट्टीची रेघ थरथरत होती, म्हणजे झोपलेला माणूस तेव्हा हसत होता. बाराव्या पट्टीत ठोके चौपन्न आणि रेघ एकदम शांत. तोपर्यंत गड्याला डुलकी लागली होती.

"डॉक्टर, हा एकच माणूस आहे."

"कशावरून?"

"छाती एकच आहे हो! बारा वेळा एकच छाती." त्यांनी ड्रॉवरमधून नवऱ्याची जुनी पट्टी काढली आणि सातवीशेजारी ठेवली. जुनीत कान होते. नवीत कान साफ गायब. एवढी ढळढळीत गोष्ट, आणि मघाशी अर्ध्या कपात आपण तिच्यावरून नजर फिरवून मोकळ्या झालो, हे लक्षात येऊन ताईंचे स्वतःचे कान गरम झाले. आपल्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास तिथल्या तिथे उडाला आणि कंपासपेटीबद्दल आदर वाटायला लागला.

"ही सरळसरळ फसवणूक आहे. वर कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"कळवू. हौसेने कळवू. पण ते बारा जण कसे आहेत हे आपल्याला माहीत नाही. हा कसा आहे हे माहीत आहे." त्यांनी उंटावर बोट ठेवलं. "आधी हा शोधायचा. तुम्ही मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा. मी आमच्या सशाला लावते."

नवऱ्याने फोन उचलला तेव्हा मागे इंजिनांची घरघर होती.

"अहो, तुमचे कान कुठे गेले?"

"आँ?"

"सशाचे. सातव्या पट्टीतले."

"अगं, मशीन नवीन आहे ना. त्यात कान येत नसतील."

"त्यात उंट येतात. कोणाला झोपवलंत?"

"कोणाला म्हणजे? मीच तर..."

"अहो."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा असा "अहो" ताईंनी तीनदाच काढला होता आणि तिन्ही वेळा नवऱ्याने सगळं कबूल केलं होतं. ह्याही वेळी केलं. "टायरवाला पहिलवान. अगं, नवा डॉक्टर कडक आहे असं ऐकलं. त्याने माझे कान बघितले असते तर मला घरी बसवलं असतं! मग म्हटलं, डेपोत सगळ्यात तब्येतीने ठणठणीत कोण? हाच. मोठ्या गाडीचं टायर एकटा उचलतो. माझ्यासाठी झोपवला, तर बाकीचे म्हणाले आमच्याही नावाने काढा. कंपाउंडरलाही बरं पडलं, बारा वेळा छातीला ते रबरी फुगे लावायला नकोत. तूच सांग, इतकं सुंदर हृदय..."

"तो कधी चक्कर येऊन पडलाय?"

नवरा हसायला लागला. "तुला कसं माहीत? अगं, डेपोतला तो मोठा विनोद आहे. एवढा धिप्पाड गडी, पण मागे अचानक हॉर्न वाजला की धाडकन खाली! दोनदा पडलाय. आम्ही त्याला भित्रा पहिलवान म्हणतो. एकदा तर घड्याळाच्या गजराने..." तो बोलायचा थांबला, कारण ताई हसत नव्हत्या आणि ते फोनमधूनसुद्धा कळत होतं.

डॉक्टर दुसऱ्या फोनवर हात ठेवून कुजबुजले, "ताई, ते म्हणतायत, मोठ्या आवाजाने पडतो का विचारा. तसं असेल तर हा तोच आजार. त्याला पळवू नका, ओझं उचलू देऊ नका, दचकवू तर अजिबात नका. आजच आणा."

"अहो, ऐका. ती भीती नाही. आजार आहे. पुढच्या हॉर्नला तो पडला तर कदाचित उठणार नाही. त्याला कुठेतरी शांत बसवा, आम्ही येतो."

पलीकडे नवऱ्याने कोणाला तरी किती वाजले ते विचारलं.

"अहो?"

"अगं," नवरा म्हणाला, "आज आमचे जुने ड्रायव्हर काका निवृत्त होतायत. अकरा वाजता."

ताईंना पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या डेपोची रीत सगळ्या गल्लीला ऐकू यायची. निवृत्त होणारा ड्रायव्हर आपल्या गाडीत बसून शेवटचा हॉर्न द्यायचा आणि त्याला आवारातल्या चाळीसच्या चाळीस गाड्या एकदम उत्तर द्यायच्या, चांगलं मिनिटभर. मग पहिलवान त्या माणसाला केबिनमधून उचलायचा आणि खांद्यावर बसवून गेटपर्यंत न्यायचा. म्हणजे चाळीस हॉर्नच्या बरोबर मधोमध उभा असायचा तो पहिलवान. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

"त्याला बाहेर काढा," ताई म्हणाल्या. "आणि हॉर्न थांबवा."

"साहेब समोर उभे आहेत. काय सांगू त्यांना?"

"काय वाट्टेल ते सांगा!" असं म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

डेपो दोन रस्ते सोडून होता. ताई पुढे आणि डॉक्टर मागे, एका हातात पट्ट्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कर्कटक. ते पेटीत ठेवायचं भान राहिलं नव्हतं. गेटवर वॉचमनने पास मागितला. डॉक्टरांनी कर्कटक दाखवलं. का कोण जाणे, पण त्याने सोडलं.

आवारात चाळीस गाड्या गोल करून उभ्या होत्या, सगळ्यांची इंजिनं चालू. मधल्या गाडीत काका स्टीअरिंगवर हात ठेवून ताठ बसले होते. डेपोचे साहेब गुच्छ घेऊन खाली उभे. आणि गाडीच्या दाराशी ताईंचा नवरा पहिलवानाचा दंड धरून ओढत होता. पहिलवान तसूभरही हलत नव्हता.

"तुझ्या घरून फोन आलाय," नवरा सांगत होता.

"मी एकटा राहतो," पहिलवान म्हणाला.

"मग... शेजाऱ्यांचा आलाय!"

"त्यांच्याशी भांडण आहे माझं."

नवऱ्याने हात टेकले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि काकांना मान हलवून खूण केली. काकांचा हात हॉर्नकडे गेला. ताईंना वाटलं, जीव खाऊन ओरडावं. बावीस वर्षं ऑफिसच्या भिंती हलवणारा आवाज नेमका आज कामी आला असता, आणि नेमका आज तो काढायची सोय नव्हती. दचकवायचं नाही. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तोंडावर हात दाबून.

तेवढ्यात नवऱ्याने पहिलवानाचा दंड सोडला, पायरीवरून वर चढला आणि खिडकीतून आत हात घालून काकांचं मनगट धरलं.

"काका, हॉर्न नको. साहेब, कोणीच हॉर्न देऊ नका. आमच्या पट्ट्या खोट्या आहेत. बाराच्या बारा. कल्पना माझी."

हे त्याने जोरात सांगितलं नाही, पण जवळच्यांनी ऐकलं, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि एकेक करून इंजिनं बंद होत गेली. इतका शांत डेपो तिथल्या कोणीच कधी ऐकला नव्हता. साहेबांचा गुच्छ खाली आला.

"खोट्या म्हणजे?"

"सगळ्या ह्याच्या आहेत." नवऱ्याने पहिलवानाकडे बोट दाखवलं. "माझ्या छातीत ससे आहेत, साहेब. नोकरी जाईल म्हणून मी हे केलं. माझं काय ते नंतर करा. पण ह्याच्या हृदयात मोठा बिघाड आहे आणि तो हॉर्नने वाढतो. हा भित्रा नाही. आम्ही उगाच हसलो."

"पण ससे निरुपद्रवी असतात," डॉक्टर मध्येच म्हणाले. त्यांना वाटलं, माणसाला तेवढाच धीर येईल. "तुम्ही पास झाला असतात. ताईंना माहीत आहे ना."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बाकीच्या अकरा ड्रायव्हरांनीही बघितलं. ताईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता चाळीस हॉर्न वाजले तर बरं, पण ती सोय नव्हती. "चूक माझी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सिगारेट सुटावी म्हणून सांगितलं नाही. तुम्ही इतके घाबरला असाल असं वाटलं नव्हतं." एवढ्या जणांसमोर आणि एवढ्या हळू आवाजात ताईंनी चूक कबूल केली, ह्याने नवऱ्याला पहिलवानाच्या आजारापेक्षा मोठा धक्का बसला असावा.

"अहो वहिनी," पहिलवान मोकळेपणाने हसला, "मला काय धाड भरलीये? आत्ता उचलून दाखवू का काकांना?"

"नको!" असं पन्नास माणसं एकदम कुजबुजली.

प्रश्न काकांचा राहिला. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या निरोपाला हॉर्न वाजवले होते आणि स्वतःच्या निरोपाला त्यांच्या वाट्याला कुजबूज आली होती. त्यांनी स्टीअरिंगवरचा हात खाली घेतला, नाक ओढलं आणि म्हणाले, "नशीब बघा माझं. एवढा मोठा पहिलवान आणि आजार काय तर माझ्या हॉर्नचा." मग जरा विचार करून त्यांनी वायपर सुरू केला. कोरड्या काचेवर तो कुरकुरत एकदा इकडे, एकदा तिकडे गेला. समोरच्या गाडीने आपला वायपर सुरू केला. मग तिच्या शेजारच्या गाडीने. बघता बघता चाळीस गाड्या, स्वच्छ उन्हात, काकांना वायपर हलवून निरोप देत होत्या. काका स्वतः पायऱ्या उतरले. गेटपर्यंत चालत गेले, आणि डोळे पुसले ते धुळीमुळे, असं त्यांनी वॉचमनला सांगितलं.

पहिलवानाला ताईंच्या खोलीत आणला. आणला म्हणजे काय, बारा जण त्याच्याभोवती कडं करून, रस्त्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला डोळे वटारत, हॉर्नवरचे हात काढायला लावत घेऊन आले. तो पलंगावर झोपला तर पाय बाहेर. ताईंनी मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले, लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, आणि छातीवर फुगे दाबताना सवयीने विचारलं, "नाव?"

"माझंच सांगू ना, वहिनी?"

"आज तुमचंच."

मशीन रेघ मारायला लागलं. उंट आला. आला त्याच ऐटीत, दोन्ही वशिंडं घेऊन. डॉक्टरांनी मोजपट्टी लावली आणि मान हलवली. "घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?"

"त्रास असा नाही," पहिलवान छताकडे बघत म्हणाला. "थोरली बहीण होती. एकोणीस वर्षांची होती. सकाळी गजर वाजला आणि ती उठलीच नाही. घरचे म्हणाले, अशक्त होती."

ताईंना वाईट वाटलं, आणि वाईटापेक्षा संताप जास्त आला. ह्या माणसाचं हृदय बारा वेळा कागदावर उतरलं होतं, बारा वेळा पाकिटातून आलं होतं आणि त्यांनी अर्ध्या कप चहात ते "छान" म्हणून पुढे सरकवलं होतं. टायरवाल्यांची तपासणी करायचा नियमच नव्हता. बारा नावं होती, त्यात त्याचं एकही नाही. त्यांनी तेराव्या पट्टीवर त्याचं नाव लिहिलं, ठळक, दोनदा गिरवून.

दुपारी मोठ्या हॉस्पिटलच्या खिडकीपाशी खाकी गणवेशातले बारा ड्रायव्हर, एक त्वचेचे डॉक्टर आणि एक बाई अशी गर्दी झाली. पहिलवान चाकांच्या खुर्चीत. त्या खुर्चीत बसायची त्याला भयंकर लाज वाटत होती आणि ती खुर्ची ढकलायला बारा जण भांडत होते, कुजबुजत भांडत होते. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला.

"पेशंटचे नातेवाईक कोण?"

ताईंचा नवरा पुढे झाला. "आम्ही."

"कोण लागता?"

"बाई, कागदोपत्री आम्हा बाराही जणांचं हृदय हेच आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग मागच्या रांगेकडे बघितलं. "फॉर्मवर तसला रकाना नाही. आई, वडील, बायको, भाऊ, बहीण. ह्यातलं सांगा."

"बहीण होती," पहिलवान खुर्चीतून म्हणाला. "आता कोणी नाही."

"भाऊ लिहा," ताई म्हणाल्या.

"कोणाचं नाव लिहू?"

"सगळ्यांची. मी सांगते, घ्या लिहून." आणि जिला माणसांचे चेहरे कधी लक्षात राहिले नव्हते तिने मागे वळून, एकाचाही शर्ट न काढता, बाराही नावं बरोबर सांगितली.